सामान्यज्ञानाचं मैदान

ज्या कुणाला आपल्या शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा भरवायची असेल, त्यानं ती खुशाल भरवावी. फक्त यात्रा कमिटीची मदत घेऊ नये. हा सल्ला मी फुकट देते आहे. आम्हांला तो कुणीच दिला नाही. बाकी सगळे सल्ले मिळाले.

आमच्या शाळेत दहावीपर्यंतच वर्ग. मॅट्रिकसाठी अकरावी करायची ती कराडला जाऊन. मुलगे सायकलवर जातात. मुली जात नाहीत, त्यांची लग्नं होतात. माझ्यासाठीसुद्धा लोणंदचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, फोटोत टाय लावलेला, आणि भांग असा काढलेला की जणू रूळच टाकलेत. आमचे आण्णा गावचे पोस्टमास्तर. जगभरची पत्रं त्यांच्या हातांतून जातात, पण मुलगी कराडपर्यंत जाणार म्हटलं की ते त्यांना विलायतेच्याही पलीकडं वाटतं. "गावात अकरावी निघाली तर शीक म्हणतो. माझी काय ना न्हाई. कराडचं नाव काढू नको," हे त्यांचं शेवटचं बोलणं. आणि आण्णांचं शेवटचं बोलणं म्हणजे पोस्टाचा शिक्का, एकदा बसला की बसला.

म्हणजे गावात अकरावी निघणं हा साऱ्या जगात फक्त माझा प्रश्न होता, आणि थोडासा आमच्या हेडमास्तरांचा. सबनीस सर कितीतरी वर्षं जिल्हा परिषदेकडं अर्ज करत होते आणि परिषद न चुकता 'प्रस्ताव विचाराधीन आहे' असं कळवत होती. शेवटी सरांनी कुठंतरी वाचलं, की पाचगणीच्या इंग्रजी शाळांत प्रश्न विचारण्याच्या स्पर्धा होतात. झालं. कराडच्या एका मोठ्या शाळेची मुलं बोलवायची, त्यांच्यासमोर आपली मुलं बसवायची आणि बघायला खुद्द शिक्षणाधिकारी साहेबांना आणायचं. साहेबांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं की मग अकरावी कुठं जाते, असं सर म्हणाले. साहेबांचं होकाराचं पत्र आलं त्या दिवशी सरांनी टोपी उलटी घातली होती आणि कुणी ते त्यांना सांगितलं नाही, इतके ते खुशीत होते.

प्रश्न विचारायचं काम मला मिळालं. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायलासुद्धा लाजायची. मग गॅदरिंगला ऐन वेळी राजा झालेला मुलगा गोवरानं पडला आणि मला मिशी लावून उभं केलं. तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, मिशी काढली तरी राजाचा आवाज माझ्याकडंच राहिला. आई म्हणते, तो परत द्यायला हवा होता.

शेजारच्या रंगुबाईंनी बातमी कळताच आईला बजावलं, की भर मैदानात पोरगी परक्या पोरांस्नी सवाल करताना लोणंदवाल्यांच्या कुणी बघितली तर स्थळ गेलं म्हणून समजा. आई काळजीत पडली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. संध्याकाळी त्याच रंगुबाई माझ्याकडं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माजा बी एक सवाल घाल त्यात. सासूनं हाक मारली की सुनंला ऐकू का येत न्हाई? कराडच्या पोरांस्नी आलं उत्तर तर मला येऊन सांग."

पलीकडच्या आळीतले लालासाहेब सुभेदार पेन्शनीत आहेत. त्यांचं म्हणणं, प्रश्न काय कुणीही काढील, खरी गोष्ट आवाज. "पोरी, आवाज पेट से आना चाहिए," म्हणून ते मला रोज उसाच्या बांधावर नेत. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते, हातात रुमाल. ऐकू आलं की रुमाल हलवायचा. एकदा मी पोटापासून ओरडले, "गंगा नदीचा उगम कुठं आहे?" रुमाल हलला नाही, पण मधल्या उसातून पाणी पाजणाऱ्या गड्याचा आवाज आला, "आवं बाई, हितं पाटाचा उगम घावंना, तुमी गंगंचं काय घिऊन बसलाय."

मग कर्ण्याचा परवाना. सर आणि आण्णा तालुक्याला पोलीस ठाण्यात गेले, तर तिथल्या जमादाराला कर्णा लावायची चारच कारणं माहीत होती: लग्न, सभा, तमाशा आणि कुस्ती. सरांनी 'सामान्यज्ञान' सांगितलं. जमादारानं विचारलं, माणसं जमणार का? जमणार. एक जिंकणार, एक हरणार? हो. बक्षीस देणार? देणार. "मग कुस्ती," असं म्हणून त्यानं लिहून टाकलं. सर हरकतीचे शब्द जुळवेपर्यंत कागदावर शिक्काही बसला. आण्णा म्हणाले, सरकारी कागद आहे, मिळतोय तोवर घ्या.

राहिली जागा. आमची शाळा भरते देवळाच्या धर्मशाळेत. तिथं साहेब बसले तर मुलं बाहेर आणि मुलं बसली तर साहेब बाहेर. गावात शे-दोनशे माणूस बसेल अशी जागा एकच, भैरोबाच्या देवळामागचं कुस्त्यांचं मैदान, आणि ते यात्रा कमिटीच्या ताब्यात. कमिटीचे अध्यक्ष आप्पासो. तरुणपणी त्यांनी सांगली-कोल्हापूरपर्यंत मैदानं मारली, दोन्ही कान मोडून मुठीसारखे झालेत, आणि यात्रेच्या कुस्त्या तेच भरवतात. सर भीत भीत गेले. आप्पासोंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी फकस्त पोरं घिऊन या. मैदान कसं भरवायचं ते आमच्यावर सोडा. गावाची मान खाली जाणार न्हाई."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासुद्धा. आता त्या पाण्याची मला लाज वाटते.

स्पर्धेच्या दिवशी मी आईचं चांगलं पातळ नेसून, प्रश्नांचे कागद छातीशी धरून निघाले. देवळापाशी येते तो हलगी. मला वाटलं, कुणाची वरात असेल. मग माणसं दिसली. शे-दोनशे कसली, अख्खी पंचक्रोशी लोटली होती. लाल-केशरी फेटे, झाडांवर पोरं, देवळाच्या शिखराला टेकून माणसं. आप्पासोंनी शेजारच्या गावांत दवंडी दिली होती, 'जंगी मैदान, कराडचा गट विरुद्ध आमचा गट', आणि त्यात खोटं असं काहीच नव्हतं. आखाड्याची तांबडी माती उकरून, चाळून, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केली होती. मी आप्पासोंना विचारलं, बाकं कुठायत? ते म्हणाले, बाकं कशाला, गडी उभ्यानंच लढतोय की.

सबनीस सर एका कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या डोक्यावर फेटा होता आणि चेहरा असा, की तो कुणी बांधला हेही त्यांना आठवत नव्हतं.

कराडची मुलं एस.टी.तून उतरली ती थेट हलगीच्या तालावर आत आणली. त्यांचे मास्तर सारखे विचारत होते, शाळा कुठं आहे? तेवढ्यात आप्पासोंनी दोन्हीकडची मुलं रांगेत उभी केली आणि जोड लावायला सुरुवात केली. आमच्याकडं कुस्ती लागते ती जोड बघून. वस्ताद दोन गडी शेजारी उभे करतो, दंड दाबतो, मान चाचपतो, बरोबरीचे वाटले तरच हात मिळवतात. कमीजास्त अंगाची जोड लावली तर लोक मैदान उधळतात. सरांनी केले होते गट, आणि त्यात भूगोलाला भूगोल, गणिताला गणित अशी जुळणी होती. आप्पासोंनी ती सगळी मोडली आणि जाड्याला जाडा, उंचाला उंच असं लावून दिलं. सर म्हणाले, "आप्पासो, ज्ञान वजनावर नसतं हो." आप्पासो शांतपणे म्हणाले, "मास्तर, अन्याव मी माज्या मैदानात हू देणार न्हाई."

आणि खरं सांगू? पहिली जोड लागली आणि मला एकदम मजाच वाटायला लागली. दोघांनी मातीला हात लावून कपाळाला लावला, हात मिळवले, हलगी कडाडली आणि मी पोटापासून विचारलं, "अंतराळात गेलेली पहिली स्त्री कोण?" जो आधी सांगेल तो जिंकला, आणि हलगी थांबेपर्यंत कुणालाच आलं नाही तर बरोबरी. मी 'स्त्री' म्हणेपर्यंत गर्दीतून "धर, धर, सोडू नको" सुरू झालं. आमच्या गड्यानं डोळे मिटून ओरडून सांगितलं, "व्हालेंटिना तेरेश्कोवा!"

गर्दीला विजय पटला, पण बाई पटली नाही. कुणाची कोण ही? आप्पासोंनी हात वर करून हलगी थांबवली आणि मला विचारलं, "बाई एकलीच गेली? संगट कोन न्हवतं?"

"कुणीच नव्हतं. एकटी. तीन दिवस."

सगळे फेटे वर आभाळाकडं वळले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आन् आमचं पोस्टमास्तर कराडपातूर पोरगी धाडंनात." सगळं मैदान मागं वळून आण्णांकडं बघायला लागलं. आण्णांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं.

पुढं रंग चढतच गेला. कराडच्या एका गोलमटोल मुलानं ओळीनं तीन गडी पाडले. शाळेत त्याला कुणी खेळायलासुद्धा घेत नसणार, असं त्याच्याकडं बघून वाटत होतं. आमच्या गावानं, परक्या गावचा असूनसुद्धा, त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, लोकांनी त्याला नारळ दिले, एका म्हातारीनं त्याची दृष्ट काढली. तो वरून हात हलवत होता आणि त्याचे मास्तर खालून त्याचे बूट सांभाळत पळत होते.

नेमकी त्याच वेळी जीप आली.

साहेब उतरले. काळा चष्मा, पांढरा बुशशर्ट. त्यांनी हलगी ऐकली, माती बघितली, खांद्यावरचा मुलगा बघितला आणि सबनीस सरांना विचारलं, "हे काय चाललंय?"

"सामान्यज्ञान, साहेब," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

साहेब आणखी काही बोलणार तेवढ्यात त्यांना फेटा बांधला गेला. फेटा बांधताना माणसाला मान हलवता येत नाही, त्यामुळं नाही म्हणता येत नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं. मी त्यांचा चेहरा बघितला. मला त्या चेहऱ्यावर अकरावी दिसत नव्हती, लोणंद दिसत होतं.

शेवटची, मानाची जोड राहिली होती. कराडचा सगळ्यांत हुशार मुलगा दिगंबर, काडीसारखा, नाकावर जाड चष्मा. आमचा बाळासो, वर्गात पहिला. सरांची सगळी भिस्त त्याच्यावर, महिनाभर त्याला देशांच्या राजधान्या पाठ करून घेतल्या होत्या. आप्पासोंनी दोघांना शेजारी उभं केलं आणि मान हलवली. बाळासो घरच्या म्हशीच्या दुधावर वाढलेला, दिगंबरच्या दुप्पट. जोड होत नाही. सर हात जोडून म्हणाले, असू द्या, उत्तरंच तर द्यायची आहेत. आप्पासो म्हणाले, उद्या कराडात लोक म्हणतील, आमच्या पोराव रेडा सोडला.

मग ते आमच्या रांगेवरून नजर फिरवत फिरवत माझ्यापाशी येऊन थांबले. दिगंबरकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"ही बसतीया. अंगानं बराबर हाय," ते कर्ण्यात म्हणाले.

माझ्या अंगाची ही जाहिरात पंचक्रोशीनं ऐकली. त्यात दिगंबर म्हणजे खुंटीला टांगलेला सदरा. माझा किती अपमान झाला ते मी इथं लिहीत नाही, पण आप्पासोंशी मी नंतर आठवडाभर बोलत नव्हते, आणि त्यांना ते कळलंही नाही.

कराडच्या मास्तरांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती: सगळे प्रश्न हिच्याच हातात आहेत. माझे कागद काढून घेतले. मग प्रश्न विचारणार कोण? सगळे साहेबांकडं बघायला लागले. साहेब नाइलाजानं उठले. आखाड्याच्या काठावर आप्पासोंनी त्यांना अदबीनं थांबवलं. मातीत पायताण चालत नाही. साहेबांनी बूट काढले, मोजे काढले आणि ते आत आले. आप्पासोंनी त्या उघड्या पायांकडं मोठ्या समाधानानं बघितलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

साहेबांनी रागाच्या भरात सोपं काही विचारलंच नाही. मानाच्या जोडीला प्रश्न आळीपाळीनं, जो चुकेल तो हरला. दिगंबरनं उत्तर दिलं. मग मी दिलं. परत त्यानं, परत मी. कोयना धरण झालं, पानिपत झालं, प्रकाशाचा वेग झाला. साहेबांचा आवाज हळूहळू बदलायला लागला. एकदा दिगंबर अडखळला तर ते स्वतःच "आठव, आठव" म्हणाले. एकदा मी बरोबर सांगितलं तर त्यांनी मांडीवर थाप मारली, ती बाहेरच्यांना शड्डू वाटली आणि शिट्ट्या पडल्या. शेवटी साहेबांजवळचे प्रश्न संपले. ते हसत म्हणाले, दोघेही बरोबरीत.

मानाच्या जोडीला 'बरोबरी' हा शब्द आमच्याकडं मैदानात उच्चारू नये. लोक उठून उभे राहिले. निकाल पाहिजे, निकाल. आप्पासोंनी हात वर केला. मग ते साहेबांपुढं वाकून म्हणाले, "सायेब, ह्या दोघांस्नी जोड उरली न्हाई. आता तुमीच ऱ्हायला."

"मी?" साहेब म्हणाले.

"तुमी पायताण काढून आत आलाय. आमच्या मैदानात उघड्या पायानं उतरलेला मानूस लढल्याबिगर वर जात न्हाई. आमच्या आज्यापासनं रीत हाय."

साहेबांनी बुटांकडं बघितलं. बूट लालासाहेबांच्या मांडीवर होते, आणि सुभेदारांनी ते असे धरले होते, की सरकारचा हुकूम आल्याशिवाय सुटणार नाहीत. साहेब म्हणाले, "बरं. एकेक प्रश्न. विचारा."

दिगंबरनं मादागास्करची राजधानी विचारली. साहेबांनी ती ताडकन सांगितली. लोकांना मादागास्कर ठाऊक नव्हतं, पण जोर कळला, टाळ्या पडल्या. मग माझी पाळी. हलगी वाजायला लागली आणि माझ्या डोक्यात एकही प्रश्न राहिला नाही. गंगा नाही, पानिपत नाही. समोर सबनीस सर फेट्याच्या शेमल्यानं चष्मा पुसत होते. मागं छत्रीखाली आण्णा. मी तोंड उघडलं आणि जे आत होतं तेच बाहेर पडलं.

"आमच्या शाळेत अकरावीचा वर्ग कधी सुरू होणार?"

हलगीवाल्याचे हात थांबले. सरांचा चष्मा खाली पडला.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "प्रस्ताव विचाराधीन आहे."

आप्पासोंनी विचारलं, हे उत्तर धरायचं का? गर्दी म्हणाली, न्हाई. साहेबांनी पुन्हा प्रयत्न केला, "योग्य वेळी योग्य तो निर्णय घेतला जाईल." असं बोलता बोलता ते नकळत एकेक पाऊल मागं सरकत होते आणि त्यांची टाच आखाड्याच्या काठाला लागली.

"सायेब," आप्पासो अगदी मायेनं म्हणाले, "तुमी कडंला पळताय. मधी या."

एवढ्या मोठ्या मैदानाच्या हसण्याचा असा लोंढा मी पुन्हा ऐकेन की नाही कुणास ठाऊक. आणि साहेबही हसले. आधी ओठातल्या ओठात, मग फेटा धरून. ते परत मधोमध येऊन उभे राहिले. सबनीस सरांना त्यांनी विचारलं, खोली आहे का? सर म्हणाले, देवळाचं नगारखान्याखालचं दालन आहे. शिकवायला माणूस? सर म्हणाले, मी आहे. आप्पासो मधेच म्हणाले, खोली कमी पडली तर आमची तालीम हाय. साहेबांनी एकदा दिगंबरकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं.

"येत्या जूनपासून," ते म्हणाले.

"कर्ण्यात बोला," आप्पासो म्हणाले, "गावाला ऐकू जाऊ द्या."

साहेबांनी कर्ण्यात सांगितलं. रानात पाणी पाजणाऱ्या गड्यांनी ऐकलं, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ऐकलं. परवान्यात किती जोरात बोलायचं ते लिहिलेलं नव्हतं.

आता तुम्हांला वाटेल, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. नाही. नियम म्हणजे नियम. साहेबांना उत्तर आलं होतं, म्हणजे साहेब जिंकले आणि मी हरले. आप्पासोंनी त्यांचा हात वर केला, हलगी घुमली, आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी अनवाणी पायांनी चार पैलवानांच्या खांद्यांवर बसून मैदानाला फेरी मारून आले. मानाचा नारळ त्यांना मिळाला. मला कुणी सुपारीसुद्धा दिली नाही. दिगंबर तेवढा येऊन चष्मा वर ढकलत म्हणाला, की माझा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

घरी आले तर आण्णा माझ्या आधी पोचलेले. हातात साखरेची पुडी, आणि दारात जो दिसेल त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवत होते. रंगुबाईंनी हात पुढं केला आणि विचारलं, "आवं पोस्टमास्तर, तुमची पोरगी हारली म्हनं भर मैदानात. आन् साखर कशाची वाटताय?"

"अकरावीत गेली," आण्णा म्हणाले.

दहावीची परीक्षा अजून व्हायची होती. पण ते सांगायला माझं तोंड मोकळं नव्हतं, मी साखर खात होते.